खोकल्याची बाटली उघडण्याआधी घड्याळ बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस सरून उसाला कोयता लागला की खानापूर, बेळगाव, चिकोडी, निपाणीकडच्या घरांत दिवा मालवल्यावर खोकला सुरू होतो. दिवसभर माणूस धडधाकट असतो, अंथरुणाला पाठ टेकली की उबळ येते. मग मेडिकलमधून बाटली येते आणि तीच पोरालाही, आजीलाही. पण रात्रीचा खोकला म्हणजे काही एकच आजार नव्हे. खोकला किती वाजता येतो यावरून बऱ्याचदा त्याचं मूळ सापडतं. आधी तीन रात्री घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा.

पडल्यापडल्या पाच-दहा मिनिटांत खोकला आला, घशात काहीतरी ओघळतंय असं वाटलं, तर दोष बहुधा नाकाचा. बसता-उठता नाकामागचा चिकट स्राव आपण नकळत गिळून टाकतो. आडवं झालं की तोच घशात साचून खवखवतो. यावर मिठाच्या पाण्यानं नाक धुणं चांगलं. एक पेला, म्हणजे साधारण 240 मिली पाणी खळखळून उकळायचं, कोमट झालं की सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवायचं. पुढं वाकून, मान कडेला कलती करून वरच्या नाकपुडीत पाणी सोडायचं आणि श्वास तोंडानं घ्यायचा. पाणी खालच्या नाकपुडीतून बाहेर येतं. नाक झोंबलं तर मिठाचं माप चुकलंय असं समजा; कमी झालं तरी झोंबतं, जास्त झालं तरी. विहिरीचं किंवा नळाचं न उकळलेलं पाणी नाकात कधीही घालू नये. आणि हे झोपायच्या तासभर आधी उरकावं, नाहीतर आत राहिलेलं पाणीच घशात उतरून खोकला आणतं.

जेवून लगेच पडणाऱ्यांचं दुखणं वेगळं. रात्री दहाला भाकरी, तांबडा रस्सा, वर मिरचीचा खर्डा, आणि साडेदहाला अंथरूण, म्हणजे पोटातलं आंबट वर येणारच. छातीत जळजळ होईलच असं नाही. कित्येकांना नुसता कोरडा खोकला आणि सकाळी बसलेला आवाज एवढंच होतं. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. खाटेच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली आडव्या दोन-दोन विटा घाला, म्हणजे उशाकडची बाजू सहा इंच उचलली जाते. तीन उशा रचून हे साधत नाही, उलट माणूस कमरेत मुडपतो आणि पोटावर दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपलं तर जठर अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतं, त्यानंही फरक पडतो.

पहाटे दोन ते चारच्या दरम्यान जाग आणणारा खोकला मात्र दम्याचा असू शकतो, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त चुकतो तो हाच. मध्यरात्रीच्या सुमारास शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड फार कमी झालेलं असतं, पहाटेपर्यंत श्वासनळ्या आणखी आवळतात. लहान मुलात छातीतून शिट्टीसारखा आवाज न येता नुसता खोकलाच दिसतो. अशा मुलाला महिनोन्महिने खोकल्याचं औषध पाजलं जातं, कारण ‘पंपाची (इनहेलरची) सवय लागते’ ही भीती. सवय लागत नाही. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत 4 मिलिग्रॅम औषध असतं आणि पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीचा चाळिसावा भाग, तोही थेट फुप्फुसात. पंप वाया जातो तो वापरण्याच्या पद्धतीमुळे. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, फवारा दाबतानाच सावकाश आत ओढायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. मुलांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावूनच द्यावा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून पाणी थुंकून टाकायचं. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

आता झोपायची खोली बघा. खाटेखाली मच्छर अगरबत्ती, दारं-खिडक्या बंद, आणि पोराचं तोंड धुरापासून हातभर वर. 2003 साली छापून आलेल्या एका अभ्यासात एका मच्छर कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या बरोबरीचे मोजले होते. मच्छरदाणी लावा, कॉइल बंद करा. या एका बदलानं थांबलेले खोकले पुष्कळ आहेत. वर्षभर पेटीत दुमडलेली वाकळ थंडी पडताच थेट अंगावर घेऊ नये. तिच्यात धुळीतले बारीक किडे असतात. सोसेल तेवढ्या कडक पाण्यात धुवून तिला पूर्ण दिवस उन्हात घालावी. खानापूर-जांबोटीकडे पावसात चिऱ्याच्या भिंतींना ओल येते. त्यात खाटेवरच दोरी बांधून कपडे वाळत घातले की बुरशीला आयतंच घर मिळतं. उसाचं पाचट पेटवल्यावर संध्याकाळच्या गार हवेत धूर वर न जाता जमिनीलगतच पसरतो, म्हणून हंगामात खिडक्या दुपारी उघडाव्यात आणि दिवेलागणीला लावाव्यात. शेतकरी बांधवांनी पाचट सरीतच कुजवलं तर शेजारच्या वस्तीवर मोठे उपकार होतील.

बीपीसाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल चालू असेल आणि कोरडा खोकला हटत नसेल तर गोळीची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा, पण गोळी आपल्या मनानं तोडू नका. आडवं पडताच दम लागून उठून बसावं लागतं, पायांना सूज आहे, तर ते हृदयाचं लक्षण असू शकतं. वाट बघू नका. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळची कणकण, वजन उतरणं किंवा थुंकीत रक्त असेल तर क्षयाची (टीबीची) शंका म्हणून थुंकी तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते. डॉक्टर कन्नडच बोलत असतील तर ‘रात्री केम्मु’ म्हणून वेळ सांगा, दम लागत असेल तर ‘दम्मु’ म्हणा. त्यांना तेवढ्यावरून पुढचं विचारता येतं.

लहान मुलांबाबत हात जोडून सांगावंसं वाटतं. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन लेकरं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं कळवलं की 2 वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि 5 वर्षांखालीही ती सहसा टाळावीत. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चहाचा चमचा मध चालतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नये, त्यातून बॉट्युलिझमची विषबाधा होऊ शकते. बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. 2 महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त भरले, किंवा श्वासाबरोबर बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर रात्रीच दवाखाना गाठा.

सीमाभागातल्या मेडिकल दुकानदारांना विनंती, ‘5 वर्षांखालच्या मुलांसाठी खोकल्याचं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही’ ही पाटी कन्नड आणि मराठी, दोन्हींत काउंटरवर लावावी. रात्री नऊला दमून आलेली आई ती पाटी आपल्या भाषेतच वाचणार आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
ता. खानापूर, जि. बेळगाव