धर्मांची तुलना कोठून सुरू करावी?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सर्व धर्मांचे सार एकच असल्यामुळे ख्रिस्ती धर्माची इतरांशी तुलना करण्यात काही हशील नाही, असे तू लिहितोस. त्यामागचा तुझा सद्भाव मी जाणतो, तरीही हे मत मला पटत नाही. नीतीच्या उपदेशापुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे; शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी ही आज्ञा तर येशूने यहुद्यांच्या धर्मशास्त्रातूनच घेतली. परंतु धर्माचा गाभा नीतिपाठाच्या पलीकडे असतो, आणि तेथे वाटा खरोखरच वेगळ्या होतात.

दोन मृत्यू शेजारी ठेवून पाहा. पाली परंपरेनुसार ऐंशी वर्षांचे गौतम बुद्ध कुसिनारा येथे दोन शालवृक्षांमध्ये पहुडले आहेत, काही शंका उरली असेल तर विचारा असे भिक्खूंना सांगत आहेत, आणि आपल्या पश्चात धम्म व विनय (भिक्खूंसाठीचे नियम) हेच तुमचे शास्ते म्हणजे गुरू असतील, असा दिलासा त्यांनी आनंद या आपल्या शिष्याला दिला आहे. शिकवणाऱ्यावाचून शिकवण उभी राहील, याची ही शांत खात्री आहे. बायबलातील मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, मात्र रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या हुकमाने येशूला वधस्तंभावर खिळले आहे, शिष्य पळून गेले आहेत, आणि 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' अशी आर्त हाक ऐकू येते. ख्रिस्ती श्रद्धा या घटनेवर आणि त्यानंतरच्या पुनरुत्थानावर उभी आहे. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असे आरंभीचा ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला निःसंदिग्धपणे लिहितो. आपले सर्वस्व एकाच घटनेवर असे पणाला लावणारा दुसरा मोठा धर्म मला तरी दिसत नाही.

इस्लाम ख्रिस्ती धर्माच्या सर्वांत जवळचा, म्हणूनच तेथील मतभेद अधिक तीव्र आहे. कुराणात येशूची आई मरियम हिच्या नावाची सूरह (अध्याय) आहे, ईसाचा म्हणजे येशूचा जन्म कुमारीच्या पोटी झाल्याचे सांगितले आहे आणि त्याला मसीहही म्हटले आहे. परंतु चौथ्या सूरहेच्या 157 व्या आयतीत त्याला सुळी दिल्याचे नाकारले आहे. इ. स. 325 मध्ये निकाया येथील ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेने पुत्र (येशू) हा पित्याशी (देवाशी) एकतत्त्व असल्याचे घोषित केले. मुसलमानाच्या दृष्टीने हा ईश्वराच्या एकत्वालाच धक्का आहे. ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही आपापले मत जीव ओतून मानतात, आणि 'तुम्ही एकच सांगता' असे म्हणणे म्हणजे दोघांचेही न ऐकणे होय, असे मला मनापासून वाटते.

अवताराच्या कल्पनेतही हेच आढळते. गीतेतील भगवंत युगे युगे प्रकट होतात, तर ख्रिस्ती मतानुसार देव एकदाच, एका विशिष्ट काळी आणि स्थळी, मनुष्य झाला.

कर्म आणि कृपा यांविषयी लिहायचे राहिले. ते पुढील पत्रात. तोवर बुद्धांच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन करणारे महापरिनिब्बान सुत्त आणि मार्काचा पंधरावा अध्याय एकापाठोपाठ एक वाच आणि तुला काय वाटले ते सविस्तर कळव.

तुझा स्नेहांकित