सुमे, सुईबद्दल विचारलंस म्हणून

पुणे

प्रिय सुमे,

मीनूच्या लग्नाआधी कपाळावरच्या आठ्यांसाठी बोटॉक्स घेऊ का, असं विचारलंस आणि खाली बारीक अक्षरात ‘हसू नकोस’ असंही लिहिलंस. हसले नाही गं. हीच सुई मी चार वर्षं डोळ्यांभोवती घेते आहे, दर तीन महिन्यांनी.

माझे ते दिवस तुला आठवत असतील. ऊन लागलं, वारा लागला की पापण्या आपोआप घट्ट मिटायच्या. दोन वर्षं नुसते कोरड्या डोळ्यांचे थेंब घातले. एकदा टिळक रस्ता ओलांडताना मधोमध डोळे मिटले, तेव्हा एका रिक्षावाल्याने हात धरून पलीकडे नेलं. घरी येऊन खूप रडले. पुढे न्यूरोलॉजिस्टकडे गेल्यावर आजाराचं नाव कळलं, ब्लेफरोस्पाझम. डोळे धडधाकट होते, मेंदूच पापण्यांच्या स्नायूंना नको ते हुकूम सोडत होता. ते हुकूम स्नायूपर्यंत पोचवणारं रसायन, ॲसिटिलकोलीन, बोटॉक्समुळे मज्जातंतूच्या टोकाशीच अडतं आणि स्नायू सैलावतो. पहिल्या सुईनंतर चौथ्या दिवशी मी गॅलरीत बसून अख्खा पेपर वाचला, सुमे!

आणि तुझ्या आठ्यांचा इलाज निघाला तो माझ्याच आजारातून. १९८७ च्या सुमारास कॅनडात व्हँकूव्हरला डॉ. जीन कॅरुथर्स या डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझ्यासारखीच एक बाई येत असे. तिने तक्रार केली, या वेळी भुवयांच्या मध्ये सुई का नाही दिली? तिथे दिली की चेहरा कसा निवांत दिसतो! जीनबाईंचे यजमान त्वचेचे डॉक्टर. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. अमेरिकेत डोळ्यांसाठी परवानगी १९८९ मध्येच मिळाली होती, भुवयांमधल्या आठ्यांसाठी मिळायला २००२ उजाडलं.

घ्यायची तर घे, पण ब्यूटी पार्लरमध्ये मुळीच नको. मूळचं ते जंतूचं जहाल विष आहे, मात्रा अगदी थोडी म्हणूनच औषध. त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा, बाटली समोर फोडायला सांग. माझी डावी पापणी एकदा तीन आठवडे ओघळली होती, म्हणून लग्नाच्या आठवड्यात तर नकोच. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागतात, निदान दीड महिना आधी जा.

खरं सांगू? मला तुझ्या आठ्यांपेक्षा तुझ्या अर्धशिशीची काळजी वाटते. कॉलेजपासून कपाळाला ओढणी करकचून बांधून अंधारात पडलेली तूच डोळ्यांसमोर येतेस. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल तर त्यावरही हेच औषध देतात. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान, खांदे मिळून एकतीस ठिकाणी बारीक सुया, दर बारा आठवड्यांनी. अर्धशिशी मुळापासून जात नाही, पण दुखण्याचे दिवस कमी होतात. आजपासून कॅलेंडरवर दुखण्याचे दिवस मांडून ठेव, डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

माझी पुढची सुई जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. तेव्हा सांगलीहून ये, माझ्या डॉक्टरांकडे दोघी जाऊ. मीनूच्या साड्याही लक्ष्मी रोडवर बघता येतील.

तुझीच,
शालू