तक्रारपेटी मुलांच्या हाताशी हवी

महोदय,
संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम १२ सांगते की मुलाशी संबंधित प्रत्येक बाबतीत त्याचे म्हणणे ऐकावे आणि वय व समज पाहून त्याला महत्त्व द्यावे. शाळांतली तक्रारपेटी हे त्याचेच साधन. पण ती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, मोठ्यांच्या उंचीवर टांगली की चिठ्ठी टाकणारे मूल सगळ्यांना दिसते. मग पेटी रिकामी राहते आणि ‘तक्रारी नाहीत’ अशी नोंद होते. ही मुलांची फसवणूक आहे.

पेटी मुलांच्या वर्दळीच्या पण मोठ्यांच्या नजरेआडच्या जागी, जमिनीपासून तीन फुटांवर लावा. खाली कोरे कागद, दोरीला बांधलेली पेन्सिल. लिहिता न येणाऱ्याने चित्र काढले तरी चालावे. कुलपे दोन ठेवा, एक किल्ली शिक्षकाकडे, दुसरी शाळेबाहेरच्या विश्वासू व्यक्तीकडे. उघडायचा दिवस ठरलेला हवा. मारहाण किंवा लैंगिक छळाची चिठ्ठी निघाली तर त्याच दिवशी बालसंरक्षण यंत्रणेला कळवा, शाळेतच ‘मिटवू’ नका. अक्षरावरून मूल शोधणे तर कटाक्षाने टाळा. असे एकदा जरी झाले तरी पुढे कोणी लिहीत नाही.

आणि उत्तर द्या. काय केले, काय जमणार नाही आणि का, हे नाव न घेता आठवड्याच्या आत फळ्यावर लिहा.