सिकलसेल तपासणी : यंत्राइतकाच बफरही महत्त्वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिकलसेल तपासणीच्या बातम्यांत कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस (बारीक नळीत विजेच्या साहाय्याने रक्तातील प्रथिने वेगळी करणाऱ्या) यंत्राची किंमत आवर्जून छापली जाते. त्यात भरायच्या बफरचा, म्हणजे पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) स्थिर राखणाऱ्या द्रावणाचा, मात्र उल्लेखही नसतो. रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे गेल्यामुळे ही उणीव मला खटकते.

हिमोग्लोबिन एस (सिकलसेलचे) आणि त्याच्याशी गल्लत होणारे डी-पंजाब या दोन्ही प्रकारांत बीटा साखळीवरील एक ग्लुटामिक आम्ल बदललेले असते, पहिल्यात 6 व्या जागी, दुसऱ्यात 121 व्या. दोहोंतही एकच ऋणभार कमी होत असल्याने 8.6 पीएचच्या जुन्या सेल्युलोज ॲसिटेट पट्टीवर ते एकाच जागी उमटत आणि शंका आली की तोच नमुना 6.2 पीएचच्या सायट्रेट बफरमध्ये अगार जेलवर पुन्हा चालवावा लागे. कॅपिलरीत 9.4 पीएचच्या बफरमध्ये ते वेगळे दिसतात. एवढ्या पीएचला नळीच्या काचेसारख्या भिंतीवरील सिलॅनॉल (सिलिकॉन-ऑक्सिजन-हायड्रोजनचे) गट ऋणभारित होतात, त्यामुळे बफरचा लोंढा ऋणाग्राकडे वाहतो आणि धनाग्राकडे जाऊ पाहणारे हिमोग्लोबिनही त्याच्याबरोबर, पण आपापल्या भाराप्रमाणे कमीअधिक वेगाने, ओढले जाते. स्वतः ऋणभारित असल्याने ते भिंतीलाही फारसे चिकटत नाही. बफर अधिक संहत (दाट) केला तर आलेखावरील शिखरे (प्रत्येक प्रकाराचे एक) रेखीव येतात, मात्र विद्युतप्रवाह वाढून नळी तापते आणि तीच शिखरे पुन्हा पसरू लागतात.

ओळख पटवण्याचेही तसेच. हिमोग्लोबिन 415 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला मोजतात, तिथे बहुतेक बफर आड येत नाहीत. सीरममधील प्रथिने मात्र 200 नॅनोमीटरला मोजावी लागतात आणि तिथे ॲसिटेटसारखा बफर स्वतःच प्रकाश शोषतो. बोरेट किंवा फॉस्फेट त्या मानाने पारदर्शक. (सीटी स्कॅनसाठी दिलेले आयोडीनयुक्त औषधही इथे खोटे शिखर उभे करू शकते, हे रुग्णाला क्वचितच विचारले जाते.)

मी काम केलेल्या एका प्रयोगशाळेत काटकसर म्हणून तोच बफर अनेक दिवस वापरत. विद्युत अपघटनाने त्याचा पीएच ढळतो. शिखरे सरकू लागली, तेव्हा दोष यंत्राला दिला गेला.

1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांसाठी यंत्रे घेताना बफरचा वर्षभराचा पुरवठा त्याच निविदेत धरावा आणि चाचणीच्या अहवालावर पद्धतीसोबत बफरचा पीएचही छापावा, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नागपूर