मलिक अंबर आपला आहे, हे सरकारने सांगावे

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

मे 1626 मध्ये मलिक अंबरचे निधन झाले. 2026 हे त्याचे चारशेवे स्मृतिवर्ष. ते राज्य सरकारने अधिकृतपणे साजरे करावे, आणि त्यानिमित्ताने महाराष्ट्र घडवणाऱ्या आफ्रिकी माणसांना आपल्या इतिहासात हक्काची जागा द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

अंबर इथिओपियात जन्मला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात अरबस्तान, बगदाद करत दख्खनला पोचला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही हबशीच, म्हणजे आफ्रिकी वंशाचा. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला, शिपाईगिरी करत स्वतःची फौज उभी केली, आणि 1600 साली मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर बुडू पाहणारी निजामशाही पुढची पंचवीस वर्षे त्याने तगवली. जहांगीर त्याच्यापुढे इतका हतबल झाला की त्याच्या दरबारी चित्रकाराने, अबुल हसनने, भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर बादशहा बाण मारतो आहे असे चित्र काढले. प्रत्यक्षात ते शिर मोगलांच्या हाती कधीच लागले नाही. अंबर वृद्धापकाळी वारला आणि खुलताबादला त्याने स्वतःच बांधून ठेवलेल्या कबरीत विसावला. आज खुलताबाद म्हटले की सगळा वाद एकाच कबरीभोवती फिरतो. त्याच गावात मोगलांना आयुष्यभर झुंजवणाऱ्या माणसाचीही कबर आहे, याची आठवण मात्र कुणी काढत नाही.

1624 च्या भातवडीच्या लढाईत अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजांचा पराभव केला. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढत होते. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच कामी आले. रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, समोरासमोरची लढाई टाळायची, ही युद्धरीत अंबर आणि त्याचे मराठे सरदार यांनी मिळून धारदार केली. त्याने जमिनीची मोजणी करून सारा ठरवला. 1610 मध्ये खडकी या खेड्याच्या जागी शहर वसवले, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगरातले पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. ज्या भडकल दरवाजापाशी दर 14 एप्रिलला बाबासाहेबांना वंदन करायला जनसागर लोटतो, तो दरवाजाही 1612 साली त्यानेच उभारला.

एका गोष्टीचे मला फार वाईट वाटते. सिद्दी, म्हणजे हेच आफ्रिकी वंशाचे लोक, म्हटले की आपल्या मुलांना फक्त जंजिरा आणि पन्हाळ्याचा वेढा आठवतो. तो इतिहास खराच आहे, तो झाकू नये. पण 1660 मध्ये सिद्दी जौहरचा तोच वेढा फोडायला महाराजांच्या बाजूने धावून गेलेल्यांत सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगाही होता. हे शिकवले तर वर्गातल्या मुलाला कळेल की त्या काळी माणसाचा रंग आणि त्याची बाजू या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

अमेरिकेत कार्टर वुडसन या इतिहासकाराने फेब्रुवारी 1926 मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. त्यालाही आता शंभर वर्षे झाली. त्याचे आईवडील गुलामीत जन्मलेले. ज्यांचा इतिहास शिकवलाच जात नाही ते जगाच्या हिशेबात उरत नाहीत, हे तो जाणून होता. 1976 पासून तिथे अख्खा महिना पाळला जातो. आणि तो काही फक्त कृष्णवर्णीयांसाठी नसतो. आपला देश कुणाच्या घामावर उभा राहिला, हे सगळ्या देशाने समजून घ्यायचे असते.

महाराष्ट्राला ही जाणीव नवी नाही. 1873 साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी सज्जनांना. 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन. सातासमुद्रापलीकडच्या काळ्या माणसाशी नाते जोडणारे हे राज्य स्वतःच्या मातीत मिसळलेल्या काळ्या माणसाला परका समजत असेल, तर आपण कोण आहोत याचे उत्तर आपल्याला अर्धेच ठाऊक आहे. शेजारच्या उत्तर कन्नडात हल्याळ, यल्लापूरच्या रानात सिद्दी वस्त्या आहेत. पोर्तुगीजांच्या गोव्यातून पळालेल्या गुलामांचे वंशज त्यांत आहेत. ते कोकणी बोलतात, दमामा या ढोलावर नाचतात. अनोळखी लोक मात्र त्यांना आजही विचारतात, तुम्ही कुठल्या देशाचे?

म्हणून मागणे थोडे आणि नेमके आहे. अंबरच्या कबरीची निगा राखली जावी आणि तिथे मराठीत माहितीफलक लागावा. नहर-ए-अंबरीचे जे भाग शिल्लक आहेत त्यांच्यावरची अतिक्रमणे थांबवून त्यांचे संवर्धन व्हावे. दर्शनिका (गॅझेटियर) विभागाने महाराष्ट्रातल्या हबशांवर अभ्यासपूर्ण ग्रंथ काढावा. शालेय शिक्षण विभागाशी बोलून भातवडीचा धडा पुस्तकात यावा. आणि स्मृतिवर्षाचा मुख्य कार्यक्रम संभाजीनगरला व्हावा, त्यात सिद्दी कलावंतांना मानधन देऊन, सन्मानाने बोलवावे. यातले बरेचसे आपल्याच खात्याच्या अखत्यारीत आहे. पहिली बैठक कधी घेता, तेवढे जाहीर करावे.

आपला नम्र,
इतिहासाचा एक शिक्षक
छत्रपती संभाजीनगर