अर्ध्या काळ्या स्पंजाबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

तीन आठवडे तुमच्याशी नुसतं 'दादा' म्हणून बोलत राहिले, नाव विचारायचं राहूनच गेलं. परवा पेढे घेऊन तुमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात आले तर कळलं, तुम्ही गावी गेलात. पेढे आम्हीच संपवले. म्हणून हे पत्र, असं चारचौघांत.

आमचे चार गोल्डफिश दोन फुटी टाकीतून तीन फुटी टाकीत गेले तो दिवस घरात सणासारखा होता. ५० लिटरच्या जागी जवळजवळ १७० लिटर पाणी! मी आपली दिवाळीच्या साफसफाईच्या जोरात. जुनी रेती फेकली, नवे पांढरे गोटे आणले, फिल्टरमधला काळाकुट्ट स्पंज नळाखाली धरून ब्रशनं घासघासून धुतला आणि गॅलरीत कडकडीत उन्हात वाळत घातला. टाकी घेतली तिथे सांगितलं होतं, २४ तास पाणी फिरू द्या आणि मग मासे सोडा. मी तर दोन दिवस फिरवलं. पाणी इतकं नितळ की टाकी रिकामी वाटावी.

चौथ्या दिवशी सकाळी चौघेही वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. मोदकचे (डोक्यावर टेंगूळ असलेला ओरांडा, नाव लेकीनं ठेवलंय) कल्ले लालभडक. दुपारी सगळ्यात धाकटा गेला.

मी तुमच्याकडे आले ती औषध मागायला. तुमच्या पाठीमागे बाटल्यांची रांगच होती, त्यातली कुठलीही काढून दिली असतीत तरी मी निमूट पैसे दिले असते. तुम्ही विचारलंत, "ताई, जुना स्पंज कुठंय?" मी कौतुकानं सांगितलं, स्वच्छ धुऊन वाळवलाय. तुम्ही दोन क्षण काही बोलला नाहीत. त्या न बोलण्याबद्दल आधी आभार. 'अरेरे' म्हणाला असतात तर मी तिथेच रडले असते.

मग मला घरी पिटाळून टाकीतलं पाणी आणायला लावलंत. काचेच्या नळीत थेंब टाकून पाच मिनिटं थांबलो. पिवळं राहायला हवं होतं ते पाणी पालकाच्या रसासारखं हिरवं झालं. अमोनिया २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. बिलाच्या पाठीवर तुम्ही काढलेलं चित्र अजून फ्रिजवर आहे: मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, स्पंजात नि रेतीत चिकटून असतात. म्हणजे मी घासून काढला तो मळ नव्हता, तेच सगळं कारखान्याचं मनुष्यबळ होतं. जे उरले असतील ते नळाच्या क्लोरीननं आणि उन्हानं संपवले. शिवाय आमच्या सोसायटीत निम्मं पाणी बोअरचं, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ८. तुम्ही म्हणालात, पीएच ७ ला अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो, ८ ला पाच टक्क्यांच्या वर. नळीत रंग तोच, पण मार दहापट.

खरे आभार दुसऱ्या दिवशीच्या सकाळचे. दुकानातला स्पंज द्यायला तुम्ही साफ नकार दिला होतात. "इथं रोज नवा माल येतो, कुठला रोग असेल सांगता येत नाही. माझ्या घरच्या टाकीत दोन महिन्यांत नवा मासा पडलेला नाही, तिथला आणतो." आणि शटर उघडायच्या आधी तुम्ही पायरीवर उभे, हातात फुगवून रबर लावलेली पिशवी, आत मासा नाही, टाकीच्या पाण्यात बुडालेला अर्धा स्पंज! मी पैसे विचारले तर हसलात. बिल केलंत ते फक्त हायपोचं, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणाऱ्या खड्यांचं.

मग रोज संध्याकाळी नळी आणि रोज ४० टक्के पाणी बदलणं, हायपो घालून. पहिले तीन दिवस खाणं बंद. सासूबाई म्हणाल्या, "मुक्या जिवांना उपाशी ठेवतेस?" मी तुमचं वाक्य ऐकवलं: उपासानं आठवड्यात मरणार नाहीत, खाऊ घातलं तर परवा मरतील.

सहाव्या दिवशी अमोनिया उतरला आणि मी फोनवर नाचले, तर तुम्ही शांतपणे, "आता नायट्राइट बघा." ते चढलेलंच होतं. गोड्या पाण्यातल्या माशांना मीठ घाला म्हणालात तेव्हा, खोटं कशाला बोलू, शंका आली. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्त प्राणवायू वाहून नेत नाही, आणि मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत येऊ देत नाही, हे तुम्ही पुन्हा एकदा, न कंटाळता समजावलंत. लिटरला एक ग्रॅम, बादलीत विरघळवून, आणि नंतर जेवढं पाणी बदलू तेवढ्यापुरतंच पुन्हा. जाडं मीठ किलोभर आणलं होतं, उरलेलं कैरीच्या लोणच्यात गेलं.

गेल्या रविवारी दोन्ही नळ्या शून्यावर. मोदक डब्याचं झाकण वाजलं की काचेला येऊन आपटतो. तुमचा अर्धा स्पंज अजून आमच्या फिल्टरमध्येच आहे. शेजारचा आमचाही आता काळा पडलाय, त्यामुळे तुमचा कोणता नि आमचा कोणता ते ओळखू येत नाही. परत हवा असेल तर दोन्ही घेऊन येईन. पेढ्यांसकट.

तुमची,
मोदकची आई