दुखणंही खरं, भीतीही खरी

महोदय,

माझी आई रात्री दोन-दोन वाजता उठून मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत बसायची. ईसीजी नॉर्मल आला की दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा धडधड. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे वाक्य तिला फार लागायचं. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेनुसार, शारीरिक त्रासाची सतत धास्ती घेण्याच्या अशा विकाराच्या निदानासाठी शारीरिक कारण सापडू नये, अशी अट नाही. त्रासाभोवतीची भीती आणि विचार पाहतात. तरी वृद्धांना मरणाबद्दल कुणी विचारत नाही, घरात तर विषयच अभद्र! शेवटी एका डॉक्टरांनी सरळ विचारलं, ‘मरणाची भीती वाटते का?’ आई खूप रडली, मग तासभर बोलली. प्रत्येक डॉक्टरने हे विचारावं, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक